सदतीस नावं

पुष्पा महालेला बोलायला माणसं मिळायची ती वर्षातले पाच महिने. दिवाळी झाली, नागली खळ्यावरून घरात आली, की कारवीपाडा रिकामा व्हायला लागायचा. ओहोळापर्यंत ट्रक यायचा. त्यात भांडी चढायची, गोधड्या चढायच्या, कोंबड्यांची खुराडी आणि त्यांच्यावर पोरं चढायची, आणि दाराला बोरीची काटी आडवी बांधून माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जायची. कुलूप कुणाकडंच नव्हतं. काटी असायची ती गुराढोरांनी आत शिरू नये म्हणून. दारावर काटी दिसली की ओळखायचं, हे घर आता होळीला उघडणार.

मागं राहायची ती म्हातारी माणसं, शाळामास्तर, एक दुकानदार, रस्त्याकडची चार-सहा नोकरदार घरं आणि पुष्पा. ती तिथल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. मोखाडा तालुक्यातले सात पाडे तिच्याकडं होते आणि दोन खोल्यांचं उपकेंद्र. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत ती. मूळची ती जव्हारजवळच्या साखरशेतची. गावातून दहावी झालेली पहिली मुलगी, म्हणून बापाने तिच्या सर्टिफिकेटाला काच लावून घेतली होती. पुढं नर्सिंग झालं, नोकरी लागली, एका प्राथमिक शिक्षकाशी लग्न झालं. चार वर्षांत मूल झालं नाही तेव्हा त्या गृहस्थाने नाशिकला बदली करून घेतली आणि जाताना हिला बरोबर नेण्याचं काही त्याच्या लक्षात राहिलं नाही. दिवाळीला ती भावाकडं साखरशेतला जाई. भावजय ताट वाढून बाजूला बसे, 'घ्या ना वन्सं' म्हणे, आणि दोन दिवसांत पुष्पाच पिशवी भरायला लागे.

अशा बाईला सोबत म्हणून काय असावं? पुष्पाला होती ती रजिस्टराची. लसीकरणाचं लांबलचक रजिस्टर. मुलाचं नाव, आईचं नाव, पाडा, जन्मतारीख आणि पुढं एकेका सुईचा रकाना. या रजिस्टरावर तिने जेवढा जीव लावला तेवढा माणसांवर लावला असता तर, असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्यात माणसंच होती. निम्म्याहून जास्त पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली. जन्मतारखा तर तिने अक्षरशः खणून काढलेल्या. आईला तारीख विचारली तर ती हसायची. मग पुष्पा विचारायची, तेव्हा लावणी चालू होती का? नागलीला कणीस आलं होतं का? बोहाड्याची सोंगं नाचून गेल्यावर की आधी? असं विचारत विचारत ती आठवड्यापर्यंत येऊन पोचायची आणि तारीख लिहायची. मोखाड्यातल्या कुठल्याच नर्सच्या तारखा तिच्याइतक्या पक्क्या नव्हत्या.

आणि एक गोष्ट ती करत नसे. रजिस्टरातून नाव काढत नसे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिने एकदा काढलं होतं. तेव्हा ती नवी होती, वरून सूचना आली होती की गावात हजर नाही त्या मुलाचं नाव कमी करावं. तिने लाल शाईने रेघ मारली. त्यात बुध्या नावाचा एक दहा महिन्यांचा मुलगा होता. होळीला तो आईच्या कडेवर बसून परत आला, पण जितकी नावं तितकीच लस प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळायची आणि बुध्याचं नाव यादीत नव्हतं. पुढच्या वेळी देऊ, असं ती त्याच्या आईला म्हणाली. पावसाळ्यात गोवराची साथ आली आणि बुध्या गेला. त्याच्या आईने पुष्पाला एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं, असं पुष्पाला पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं.

तेव्हापासून भट्टीवर गेलेली पोरंही तिच्या रजिस्टरात राहू लागली. होळीला माणसं परतली की रंगपंचमीपर्यंत राहायची आणि पुन्हा पावसापर्यंत भट्टीवर जायची; त्या पाच-सहा दिवसांत ती घराघरांत पळायची, राहिलेल्या सुया देत सुटायची. पण पाच दिवसांत होऊन होऊन किती होणार? सन दोन हजार दोनच्या जानेवारीत तिच्याकडं वर्ष ते दोन वर्षं वयाची अठ्ठ्याण्णव मुलं होती. सगळ्या सुया पूर्ण झालेली सत्तावन्न. म्हणजे शंभरात अठ्ठावन्न. उरलेल्या एक्केचाळिसांतली चार गावातच होती, आया सुईला घाबरणाऱ्या. सदतीस भट्टीवर.

महिन्याच्या मिटिंगमध्ये हा आकडा वाचला जायचा तेव्हा पुष्पा टेबलाच्या कडेकडं बघत बसायची. तिच्या शेजारच्या उपकेंद्राचा आकडा असायचा चौऱ्याण्णव. तिथली नर्स ममता, जव्हारहून रोज एसटीने येणारी, दोन पोरांची आई, हसतमुख. तिचंही निम्मं गाव भट्टीवर जायचं. मग हिचे चौऱ्याण्णव कुठून आले? पुष्पाने मनाशी ठरवून टाकलं होतं की ममता खोट्या सुया लिहिते. एकदा ठरवल्यावर विचारायची गरज उरली नाही. मिटिंगला शेजारी खुर्ची असूनही चार वर्षांत ती ममताशी चहा घेतला का, यापलीकडं बोलली नव्हती.

केंद्राचे डॉक्टर तसे वाईट नव्हते. पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागायचं. "सिस्टर, एकतर तुमच्याकडून काम होत नाही, नाहीतर तुम्हाला लिहिता येत नाही. दोन्हीतलं काय ते सांगा," असं ते म्हणायचे, आणि लोक हसायचे. पुष्पाला त्या खोलीत फक्त एक माणूस हवा होता, जो म्हणेल की बाई खरं बोलते. अकरा वर्षांत तो भेटला नव्हता.

म्हणून लसीकरणाच्या सर्वेची बातमी आली तेव्हा ती मनातून उजळली.

सर्वेसाठी सुदर्शन नावाचा तिशीतला माणूस आला होता. जव्हारचाच, बाप तिथं कारकून, हा नाशिकला संख्याशास्त्र शिकलेला. त्याने सगळ्या नर्सना बसवून समजावलं. मोखाडा आणि जव्हार, दोन्ही तालुक्यांतून चिठ्ठ्या टाकून तीस गावं निवडली आहेत. प्रत्येक गावात सात मुलं बघायची. कार्ड बघायचं, आईला विचारायचं. दोनशे दहा मुलांवरून दोन्ही तालुक्यांची खरी स्थिती कळते.

"एवढ्याशावरून?" कुणीतरी विचारलं.

"रक्त तपासायला तुम्ही अंगातलं सगळं काढता का?" तो म्हणाला. "थेंबभर पुरतं. फक्त कुठला थेंब घ्यायचा ते आपण ठरवायचं नाही. गाव चिठ्ठी ठरवणार, घरही चिठ्ठी ठरवणार. आणि कुणीही आपल्या स्वतःच्या गावात जायचं नाही."

पुष्पाला हे इतकं आवडलं की तिने ते वहीत उतरवून घेतलं. चिठ्ठीला कुणाची भीड नाही. चिठ्ठीला मिटिंग नाही. आता दोन्ही तालुक्यांचा आकडा खरा निघेल, तो साठाच्या आसपास निघेल, आणि मग तिचे अठ्ठावन्न सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खरे ठरतील. तिची नेमणूक बोरमाळला झाली. बोरमाळ ममताच्या हद्दीत. नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा तिच्या मनात आलं की तिथं सातातल्या चार तरी पोरांना सुया मिळालेल्या नसाव्यात. नर्सने असं इच्छावं याची तिची तिलाच लाज वाटली. पण इच्छा होती ती होतीच.

बोरमाळच्या शाळेच्या ओट्यावर सुदर्शनने पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवून गरकन फिरवली. पाचसहा म्हातारे गोळा झाले होते, त्यांना वाटलं काही जादूचा खेळ आहे. बाटलीचं तोंड ओहोळापलीकडच्या वस्तीकडं थांबलं. त्या दिशेला छत्तीस घरं होती. पहिल्या काही घरांतलं एक चिठ्ठीने काढायचं आणि तिथून सुरुवात करून लागून लागून पुढच्या घरात जायचं, सात मुलं होईपर्यंत. चिठ्ठी निघाली नवव्या घराची.

नवव्या घराच्या दाराला काटी होती.

"बंद," सुदर्शन म्हणाला. "संध्याकाळी परत येऊन बघू."

"संध्याकाळी नाही उघडायचं," पुष्पा म्हणाली. "होळीला उघडेल."

"मग पुढचं घर."

पुढच्यालाही काटी. त्याच्या पुढच्यालाही. अंगणं शेणाने सारवलेली होती ती तशीच सुकून तडकली होती, उखळात वाळकी पानं साचली होती, आणि काट्यांच्या मागं कारवीच्या कुडाच्या भिंती गप्प उभ्या होत्या. घरामागून घर ते ओलांडत गेले. पुष्पा मोजत होती. सोळा घरं झाली आणि मग वस्ती वळण घेऊन रस्त्याला लागली. तिथं दारं उघडी होती. आश्रमशाळेच्या स्वयंपाक्याचं घर, शिपायाचं, पिठाच्या गिरणीवाल्याचं, अंगणवाडीच्या बाईचं. दारं उघडी, आया घरात, कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेली. पहिलं मूल, सगळ्या सुया पूर्ण. दुसरं, पूर्ण. पुष्पा कार्ड उजेडात धरून तारखा तपासायची, दंडावरचा बीसीजीचा व्रण बोटाने चाचपायची. कुठंच खोट नव्हती. ममताचं अक्षर स्वच्छ, तारखा बरोबर. दुपारी दोनच्या आत सात मुलं झाली. सातपैकी सात. तिनेच लिहिलं, तिच्या अक्षरात.

परत जाताना त्या सोळा घरांमधल्या एका अंगणात एक म्हातारी उडीद पाखडत बसलेली दिसली. तिच्या घरालाही काटी होती, पण ती मागच्या पडवीत राहत होती. नाव धाकली. वय सत्तरीच्या पुढं.

"तुमची माणसं कुठं गेली, आजी?" पुष्पाने विचारलं, उत्तर माहीत असून.

"भट्टीला. सगली गेली. माना नाय नेत आता, माझ्यानं वीट उचलत नाय."

"या घरांत बारकं पोर आहे का? वर्षाचं, दीड वर्षाचं?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. हाताने एकेक घर दाखवत ती सांगायला लागली. "त्या घरात माझ्या पुतण्याची पोर हाय, गेल्या होलीला रांगत होती. त्याच्या बाजूला भाच्याचा पोरगा. माझ्या घरात दोन. नाय, एक. एक तिकडंच राहिलं, गोवर आला त्याच्या अंगावर."

पुष्पाने फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. सोळा घरं. त्या वयाची मुलं अकरा. "सुया झाल्या होत्या का यांच्या?"

"पहिली झाली. नंतर सुई येते तवा आमी नसतो ना, बाय."

लिहून झालं तेव्हा पुष्पा उठली. म्हातारी म्हणाली, "उद्या येशील?"

"उद्या नाही येता यायचं, आजी."

"मग बस जराशी."

सुदर्शन रस्त्यावर खोळंबला होता. तरी पुष्पा बसली. म्हातारीने पुन्हा सूप उचललं आणि पाखडायला लागली. पुष्पाला तिथून उठवेना. माणूस शेजारी बसलं की बोलावं लागत नाही, नुसतं बसलेलं पुरतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सुदर्शनने उलटी बाजू वाचली आणि दोन्ही हातांनी फॉर्म परत दिला. "बाई, तुमचं म्हणणं मला कळतंय. पण मूल समोर पाहिजे, नाहीतर आई पाहिजे, नाहीतर कार्ड पाहिजे. इथं तिन्ही नाही."

"काटी आहे ना."

"काटीला रकाना नाही," तो म्हणाला, आणि ओशाळला. मग त्याने पुढच्या बाजूला, शेऱ्याच्या जागी, स्वतःच्या हाताने लिहिलं : सोळा घरे बंद. "एवढं मी करू शकतो. पण शेरे कॉम्प्युटरमध्ये चढत नाहीत, हेही सांगून ठेवतो."

त्याच दिवशी एसटीच्या थांब्यावर ममता भेटली. पुष्पाच्या मनातला इतक्या वर्षांचा संशय त्या सात कार्डांनी पुसून टाकला होता. तिने सरळ विचारलं, "ममता, तुझी भट्टीवरची पोरं रजिस्टरात कुठं आहेत गं?"

"नाहीत," ममता म्हणाली. "काढते मी. गावात नाही त्याचं नाव काढा, असं सांगितलंय ना आपल्याला? ताई, मी एक सुई खोटी लिहिलेली नाही. आहेत त्यांना मी सोडत नाही, आणि नाहीत त्यांना मी कुठं शोधू? मला साडेपाचची गाडी असते."

म्हणजे कुणीच खोटं बोलत नव्हतं. ममता खरी, चिठ्ठी खरी, सुदर्शन खरा. आणि अकरा पोरं कुठल्याच कागदावर नव्हती. तेव्हाच पुष्पाने म्हणायला हवं होतं की मी तुला उगाच चोर समजत होते. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण गाडी आली, ममता चढली, आणि अकरा वर्षं एकट्याने खरं असण्याची सवय लागलेल्या बाईला माफी मागायची सवय राहिलेली नव्हती.

फेब्रुवारीच्या मध्यावर सर्वेचा कच्चा आकडा आला. एकोणनव्वद.

"शंभरात एकोणनव्वद," डॉक्टर मिटिंगमध्ये म्हणाले. ते खरोखर खूश होते. मग त्यांचं लक्ष पुष्पाकडं गेलं. "सिस्टर, आता तर तुम्हीही सर्वेला होतात. सातपैकी सात तुम्हीच लिहिलेत. मग तुमच्याकडंच पोरं वेगळी जन्मतात का?"

लोक हसले. पुष्पा उभी राहिली. मिटिंगमध्ये ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. "साहेब, सोळा घरं बंद होती. आम्ही उघड्या दारांची पोरं मोजली."

"भट्टीवरचं मूल भट्टीच्या गावानं बघायचं असतं."

"भिवंडीवाले म्हणतात ते मोखाड्याचं. आपण म्हणतो ते भिवंडीचं. मग ते कुणाचं, साहेब?"

हसणं थांबलं. खिडकीजवळ बसलेली ममता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि मिटिंग संपल्यावर पुष्पाला एकटीला थांबवून घेतलं. ते हळू आवाजात बोलले. "हे बघा, मला तुमच्यावर काही करायचं नाही. सदतीस नावं काढा. एकसष्ट मुलं राहतात, सत्तावन्न पूर्ण, त्र्याण्णव होतात. कागद बंद. नाहीतर वरून बदलीचं आलंय, समुद्राकडच्या बाजूला. आठ दिवस देतो."

पुष्पाने ते आठ दिवस कसे काढले ते तिलाच माहीत. होळीला महिना-सव्वा महिना उरला होता. नावं काढली तर ती राहील, पण होळीला तिच्या हातात सदतीस पोरांसाठी लस नसेल. नावं ठेवली तर लस येईल, पण ती द्यायला पुष्पा नसेल. कुठल्याही बाजूने गेलं तरी पोरंच मधे सापडत होती. आणि खरं सांगायचं तर तिला जायचंही नव्हतं. सात महिने एकटं राहणं परवडलं, कारण उरलेले पाच महिने कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारत होतं. नव्या ठिकाणी बाराही महिने तेच झालं तर? सातव्या दिवशी तिने लाल पेन काढलं, रजिस्टर उघडलं, पट्टी पहिल्या नावावर ठेवली. तुळशी जिवा बरफ. हिला तिनेच पायाकडून फिरवून बाहेर काढली होती, दोन तास लागले होते. मग पट्टी उचलली आणि भात टाकायला आत गेली.

बदलीचा हुकूम आला. निघायच्या दिवशी तिने उपकेंद्र झाडून काढलं, पत्र्याची पेटी शिपायाच्या सायकलवर चढवली आणि पाड्यातून चालत रस्त्याकडं निघाली. अकरा वर्षांनी बाई गाव सोडून जाते आहे तर निरोपाला बाया यायला हव्या होत्या, कुणी कुंकू लावायला हवं होतं, कुणी वाटेसाठी चार भाकऱ्या बांधून द्यायला हव्या होत्या. पण महिना फेब्रुवारीचा. दोन्ही बाजूंना काट्या लावलेली घरं. शाळामास्तर तेवढे भेटले, म्हणाले, "बढतीवर का, सिस्टर?" ती हो म्हणाली.

समुद्राकडचं गाव मोठं होतं, भरलेलं होतं. माणसं बोलकी होती, पण त्यांचं बोलणं होड्यांचं आणि जाळ्यांचं. उपकेंद्रातली आधीची नर्स सगळं लख्ख ठेवून गेली होती. कुणाच्या घरात कधी जन्म झाला हे विचारलं की आया कॅलेंडर दाखवायच्या. पुष्पाला करण्यासारखं थोडंच होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिपायाकडून निरोप आला : तिचं रजिस्टर चौकशीसाठी ऑफिसात नेलं, कारवीपाडा ममताकडं जादा म्हणून दिला, घरोघर फिरून नवं रजिस्टर केलं, हजर मुलांचं. एकसष्ट नावं.

होळी झाली. धुळवडीच्या सकाळी तिचा जीव राहीना. नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन तिने केंद्राचा नंबर फिरवला. सुट्टीचा दिवस, तरी तिकडून फोन उचलला गेला तो ममताने.

"ताई? तुम्ही?"

"पोरं आली का गं?"

"आली. परवापासून येतायत. सगळ्या बाया उपकेंद्रापुढं बसून आहेत. मी म्हटलं बदली झाली, तर म्हणतात, कवा येईल परत? मला सकाळी जव्हारहून येऊन तिथं जावं लागलं आणि तिथून इथं आले. ताई, मला एक पोर ओळखू येत नाही. कार्डं भट्टीवर हरवलेली. कुणाला काय दिलंय, कुणाचं काय राहिलंय, विचारलं की म्हणतात, बायला ठावं हाय. रजिस्टरात त्यांच्यातलं एकही नाव नाही. यादी असती तर लस मागवली असती मी, आजच्या आज. पण नुसतं 'पोरं आली' म्हणून मला कोण देणार?"

"परत कधी जाणार ती?"

"रंगपंचमी झाली की. चार दिवस."

बूथवाल्याने बाहेर रंग उडवणाऱ्या पोरांना हाकललं आणि काचेचं दार ओढून घेतलं. पुष्पाने भिंतीला टेकून डोळे मिटले. मनात आलं होतं ते आधी म्हणून टाकलं. "ममता, मी तुला इतकी वर्षं खोटी समजत होते. चुकलं माझं."

"ठाऊक होतं मला," ममता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या मिटिंगमध्ये तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मीही उभं राहायला हवं होतं. तेही ठाऊक आहे."

"लिहून घे."

"काय?"

"तुळशी जिवा बरफ. ओहोळाच्या अलीकडचं तिसरं घर. दोन डोस झाले, तिसरा आणि गोवर राहिलाय. लाडक्या सखा बरफ, त्याच्याच शेजारी. नुसता गोवर. वरच्या पाड्यात मुकेश तुका वाघ, बावीस महिन्यांचा होईल, त्याला एकच झालाय, आई सुईला घाबरते, आजीला पुढं घाल. त्याच्या चुलत्याची भिकी..." नावामागून नाव येत होतं, घर येत होतं, राहिलेली सुई येत होती. अडखळायला झालं नाही. दहा झाली, अकरा झाली. मग तिच्या लक्षात आलं की पलीकडून काहीच आवाज येत नाही. ना हं, ना हो. लाइन तुटली असणार. आपण किती वेळ नुसतंच बोलत होतो, कोण जाणे.

"हॅलो?" ती म्हणाली. "ममता? आहेस का तू?"

"आहे, ताई. पेन उमटत नव्हतं, दुसरं आणलं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कागद उलटल्याचा आला. "पहिल्यापासून सांगा. सावकाश."